सेंट कॅथरीनचा दिवस आणि मंगेशाची सोमवारची पालखी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४. पणजी

कोकणकन्येतून करमळीला उतरलो तेव्हा आमच्याबरोबर दहा-बारा बायकांचा घोळका उतरला. वसईच्या होत्या, रात्रभर आमच्याच डब्यात. पहाटे आईने आणि त्यांनी मिळून चहा घेतला, तोंड धुवायला जाताना एकमेकींच्या पिशव्या सांभाळल्या. त्या निघाल्या होत्या गोंयच्या सायबाच्या दर्शनाला. गोंयचो सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातला जेजुइट धर्मप्रचारक. त्याचं शव दर दहा वर्षांनी लोकांच्या दर्शनाला ठेवतात. यंदा २१ नोव्हेंबरला सुरुवात झाली, ५ जानेवारीपर्यंत चालेल. आम्ही निघालो होतो मंगेशाला. कुलदैवताच्या पायरीला हात लावून आईला नऊ वर्षं झाली होती.

माझं येण्याचं कारण मात्र वेगळं होतं. ऑक्टोबरात झेवियरच्या शवाची डीएनए चाचणी करा अशी जाहीर मागणी झाली, गोव्यात लोक रस्त्यावर उतरले आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'धर्मयुद्ध' हा शब्द दिवसातून चार-चार वेळा यायला लागला. पाठवणारे सगळे मुंबई-पुण्याचे. गोव्यात राहणारी एकटी माझी मावशी. तिने एका रात्री न बोलता ग्रुप सोडला. मी फोन केला तर म्हणाली, "शेजारची माणसं आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी काय केलं गो त्यांचं?"

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून आले.

मावशीचं घर पणजीत, माळा नावाच्या भागात. तिचे यजमान, आमचे काका, आता ७६ वर्षांचे आहेत. पहिल्या इयत्ता पोर्तुगिजातून शिकले, १९६१ नंतर मराठीतून, आणि पुढे जन्मभर मराठी शाळेत इतिहास शिकवला. संध्याकाळी त्यांनी आम्हाला चालत चर्चसमोरच्या बागेत नेलं. आई बाकावर टेकली आणि काकांनी विचारलं, "ही बाग कोणाच्या नावाची, ठाऊक आहे?"

गार्सिया दा ओर्ताच्या. हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या वैद्य-हकिमांकडून शिकला, आणि इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो ज्यू घरातला. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने राज्यातल्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला होता, त्यातलं हे घर. ओर्ता वारला १५६८ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, गोव्यात जिवंत जाळलं. तो स्वतः सुटला म्हणावं, तर १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली.

"आपण म्हणतो, इन्क्विझिशन हिंदूंना छळायला आलं," काका म्हणाले. "छळलंच. त्यात खोटं काही नाही. पण पहिल्यांदा भाजले ते हे, बाटवलेले ज्यू. युरोपात पेटवलेला जाळ बोटीत घालून आणला, तो आधी ज्यांच्यासाठी पेटवला होता त्यांच्यावरच धरला."

बाग छान आहे. संध्याकाळी मुलं घसरगुंडीवर खेळतात, म्हातारे बाकांवर बसतात. त्या नावाचं ओझं बागेला नाही, आणि ते बरंच आहे असं मला वाटलं. हाडं जाळणाऱ्या इन्क्विझितोरांच्या नावाची बाग काही पणजीत नाही.

परतताना १८ जून रस्त्यावर आई भाच्यासाठी फुटबॉलचा टीशर्ट बघायला थांबली. दुकानात पोर्तुगालचे लाल शर्ट ओळीने टांगलेले. छातीवर ढालीचं चिन्ह आणि तिच्यामागे लाल क्रूस. काकांनी शर्ट हातात घेतला, बोट त्या क्रूसावर ठेवलं आणि तिथल्या तिथे, दुकानदाराच्या देखत, आमचा तास घेतला.

१०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने मुसलमानांकडून जेरुसलेम सोडवायची हाक दिली. तिथून क्रुसेड, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धं, सुरू झाली. १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं, तिथे कत्तल झाली. टेंपलर नावाचे लढवय्ये साधू याच युद्धांतून उभे राहिले. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने शहर परत घेतलं, १२९१ मध्ये आक्रा हे शेवटचं मोठं ठाणंही गेलं. पूर्वेकडे युद्ध हरलं, पण पश्चिमेकडे, पोर्तुगाल-स्पेनमध्ये, तेच युद्ध चालू होतं. ११४७ मध्ये लिस्बन मुसलमानांकडून घेतलं ते जेरुसलेमच्या वाटेवर असलेल्या क्रुसेडरांच्या मदतीने. पुढे पोपने टेंपलर संघ मोडला, तेव्हा पोर्तुगालच्या दिनीश राजाने त्यांची मालमत्ता आणि माणसं एका नव्या संघाच्या नावावर केली. हा ख्रिस्तसंघ, साल १३१९. त्या संघाचा क्रूस पुढे गलबतांच्या शिडांवर चढला. त्याच शिडांखाली वास्को द गामा कालिकतला आला. १४९८ मध्ये त्याच्या माणसाला विचारलं, इतक्या लांब कशाला आलात, तर तो म्हणाला, ख्रिस्ती आणि मसाले शोधायला.

"तो हा क्रूस," काका म्हणाले आणि शर्ट परत टांगला.

आईने शर्ट घेतला नाही. काही बोललीही नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर. जुनें गोंय, फोंडा, मंगेशी

आज सेंट कॅथरीनचा सण. याच दिवशी, १५१० मध्ये, आफोन्सो द अल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचं घेतलं. हा दिवस मी ठरवून निवडला होता. दर्शनामुळे गाडी लांब लावून चालत यावं लागलं. वाटेत 'हातकातरो खांब' लागला, काळ्या दगडाचा. लोक म्हणतात, इथे हात तोडायचे. खांब जपा म्हणून गोव्यात माणसं वर्षानुवर्षं मागणी करतायत. दोन मिनिटं उभे राहिलो आणि पुढे निघालो.

सेंट कॅथरीनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, सगळ्यात आधी बघायचं असं मी ठरवलं होतं, आणि तिथे कोणीच नव्हतं. सगळी गर्दी से कॅथेड्रलकडे. तांबड्या चिऱ्याची बुटकी इमारत, भोवती गवत. भिंतीतली शिळा काकांनी हळूहळू वाचली आणि मराठीत सांगितली: इथे या जागी ते दार होतं, ज्यातून गव्हर्नर आफोन्सो द अल्बुकर्क आत शिरला आणि १५१० साली सेंट कॅथरीनच्या दिवशी हे शहर मोरांकडून घेतलं, त्याच्या आठवणीसाठी गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने हे घर १५५० मध्ये बांधवलं.

"मोरांकडून," मी म्हटलं.

"मूर. मोउरुश."

या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. मूर म्हणजे मोरोक्कोकडचा, आफ्रिकेतून येऊन स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलेला मुसलमान. गोव्याच्या आदिलशहाने मोरोक्को बघितलाही नव्हता. पण हे लोक समुद्रावरून एक नकाशा डोक्यात घेऊन आले होते. त्या नकाशात एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला मूर. पाचशे वर्षं घरी जे युद्ध चाललं, त्याची माणसं इथे शोधायची होती आणि ती सापडली. अल्बुकर्कचा मनसुबा तर आणखी मोठा होता. नाईल नदी वळवून इजिप्त कोरडं पाडायचं आणि मदीनेतून पैगंबरांचा देह पळवून त्याच्या बदल्यात जेरुसलेम मागायचं. त्याचा राजा मानुएल हाही जेरुसलेमची स्वप्नं बघणारा. मांडवीच्या काठचं हे शहर त्या वाटेवरचा एक मुक्काम होता.

शहर पडल्यावर अल्बुकर्कने २२ डिसेंबर १५१० ला राजाला पत्र लिहिलं. चार दिवस कत्तल चालली, एकाही मुसलमानाला जिवंत सोडलं नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आकडा सहा हजारांचा. हिंदूंना तेव्हा हात लावला नाही. उलट गोव्यावर या असं त्याला सांगणारा तिमय्या हा हिंदूच होता. आपण कोणी लहान असताना शाळेत हे शिकलो का? मला तरी आठवत नाही. ज्यांच्यावर पहिला घाव पडला, त्या मुसलमानांचं नाव आमच्या ग्रुपवर छळाच्या यादीत कधीच येत नाही.

आणि तो शब्द अजून आहे. काका म्हणाले, गोव्यात मुसलमानाला सर्रास 'मोयर' म्हणतात, कॅथलिकही आणि हिंदूही. शिवी म्हणून नव्हे, सहज. क्रूसाला कोंकणीत 'खुरीस' म्हणतात तसंच. 'क्रुसेड'च्या पोटातही तोच क्रूस आहे. बाराव्या शतकातल्या लढाईचे शब्द आज बाजारात मासे घेताना तोंडातून पडतात.

व्हाइसरॉय आर्चवर नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. तो सगळे बघतात. शहराच्या बाजूला मान वर करून बघा. हातात तलवार घेतलेली बाई आहे आणि तिच्या पायाखाली एक पुरुष आडवा पडलाय. जवळच आदिलशाही वाड्याचं कोरीव दार एकटंच उभं आहे. वाडा गेला, चौकट राहिली. इन्क्विझिशनची इमारत कॅथेड्रलसमोर होती, लोक तिला 'व्हडलें घर' म्हणायचे, मोठं घर. १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर इतका काळ ते चाललं. सुमारे १६ हजार खटले. आज त्या जागी दगडही नाही. बायका टोप्या विकतात.

दुपारी आई म्हणाली, "इतकं आलोय, तर सायबाला बघून येऊ."

रांगेत दीड तास. पुढे वसईच्या त्याच बायका भेटल्या, त्यांनी आईला सावलीत घेतलं. त्यांच्यातली एक म्हणाली, "तुम्ही मंगेशाला जाताय ना, आमच्यासाठी पण हात जोडा." वसई म्हटलं की आम्हाला चिमाजीअप्पा आठवतात, १७३९ ची मोहीम आठवते. तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे, क्रूस कोरलेली. त्या बायकांना काय आठवतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रांग सरकत असताना काकांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, आवाज खाली ठेवून. पहिली मला ठाऊक होती: मे १५४६ मध्ये झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतासाठी इन्क्विझिशन मागितलं. ते इथे आलं त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. दुसरी नीट ठाऊक नव्हती. १६८३ मध्ये संभाजीराजे गोव्यावर आले. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी समोरचं जुवें बेट घेतलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बरोबर सेंट कॅथरीनच्या दिवशी, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन परत आला. मग तो याच शवापाशी आला, पेटी उघडवली आणि आपला राजदंड झेवियरजवळ ठेवला. आता राज्य तूच सांभाळ. पुढे शहाआलमची मुघल फौज कोकणात उतरली, संभाजीराजांना फिरावं लागलं आणि शहर वाचलं. लोकांच्या मनात वाचवणारा झेवियर. प्रत्यक्षात वाचवलं ते औरंगजेबाच्या मुलाने, म्हणजे या लोकांच्या भाषेतल्या एका मुराने.

काचेच्या पेटीपाशी जेमतेम काही क्षण मिळतात. काळवंडलेला, आक्रसलेला देह. आईने हात जोडले. माझे हात जोडले गेले नाहीत, १५४६ चं पत्र आड आलं. माझ्या मागची म्हातारी मात्र रडत होती, तोंडाने पुटपुटत होती, मुलाचं नाव असावं. तिच्या रडण्याशी त्या पत्राचा काही संबंध नाही, हेही मला दिसत होतं. डीएनए मागणाऱ्यांनी या रांगेत दीड तास उभं राहावं असं मला मनापासून वाटलं.

उन्हं उतरताना फोंड्याकडे. आधी सफा मशीद, १५६० ची, आदिलशाहीतली. समोर चिऱ्यांचं चौकोनी तळं, कडेने कमानी. आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. काका म्हणाले, "साल लक्षात ठेव. १५६०. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन बसलं. आणि त्याच साली तुमचा मंगेश कुठ्ठाळीहून रात्री जुवारी ओलांडून इकडे प्रियोळात आला."

तेव्हा हा मुलूख कोणाचा? आदिलशहाचा. मंगेश आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्याला. एकामागून एक देव मुसलमान सुलतानाच्या राज्यात आसऱ्याला आले आणि तिथे त्यांना आसरा मिळाला. माझ्या कुळाचा देव आज आहे तो यामुळे. ग्रुपवरच्या त्या 'धर्मयुद्धा'त हे कुठे बसवायचं?

याचा अर्थ सुलतान साधू होते असा नाही. उद्या नार्व्याला जाऊ तेव्हा उलटी गोष्टही समोर येईल.

मंगेशीला पोचलो तेव्हा दीपस्तंभावर उजेड होता. दर सोमवारी पालखी निघते. सनई, चौघडा, भोयांची एका लयीत पडणारी पावलं. आईने खण-नारळ दिला आणि तिच्या तोंडून एकदम निघालं, "देवा, वसईच्या बायकांनी हात जोडायला सांगितलेत." मावशी माझ्याकडे बघत राहिली. महिनाभरात ती पहिल्यांदा मोकळं हसली.

मंगळवार, २६ नोव्हेंबर. दिवाडी, नार्वे

कार्तिक वद्य एकादशी, आळंदीची. आईचा उपास. मावशीने साबुदाण्याची खिचडी डब्यात दिली आणि आम्ही गाडीसकट फेरीबोटीत चढलो. पायी माणसाला तिकीट नाही. फेरीत आई हरिपाठ म्हणत होती. काका म्हणाले, साष्टीतल्या, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या, एका इंग्रज जेजुइट पाद्र्याने १६१६ मध्ये ख्रिस्ताचं पुराण लिहिलं ते मराठीत आणि ओवीतच, थॉमस स्टीफन्स त्याचं नाव. ज्ञानोबाचं वृत्त ख्रिस्ताच्या कथेला. आणि त्याच पोर्तुगीज राज्याने १६८४ मध्ये लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला.

दिवाडी शांत आहे. शेतं, नारळ, जुनी मोठी घरं, बऱ्याच घरांना कुलपं, माणसं परदेशी. टेकडीवर पिएदादचं चर्च, शेजारच्या दफनभूमीत एक छोटं कपेल. त्याचा दगडी जाळीदार झरोका जुन्या देवळाचा असं सांगतात. बघितल्यावर शंका राहत नाही. खाली मोगऱ्याची रोपं आणि थडग्यांवर ताजी फुलं.

सप्तकोटीश्वराचं मूळ ठिकाण याच बेटावर. कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवर 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं बिरुद असे. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देऊळ पाडलं, लिंग शेतात पुरून लपवलं गेलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभं केलं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं. म्हणजे एकाच देवावर दोनदा घाव, आधी एका धर्माच्या नावाने, मग दुसऱ्या. मग लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेलं, नार्व्याला. तिथेही तेव्हा आदिलशाहीच होती.

पाडलेली देवळं पुन्हा बांधायला गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी ठेवले. मी कोटीतीर्थाच्या बाजूने चालत असताना याच विचारात होते. बांधावं, असं माझ्या मनाचा एक भाग म्हणतो. मंगेशाच्या जुन्या जागी कुठ्ठाळीला काहीच नाही, हे मला टोचतं. पण आता इथे जी माणसं राहतात, त्यांचे आजे-पणजे या बेटावरचेच, बरेचसे याच देवाचे भक्त. जे नदी ओलांडून गेले ते हिंदू राहिले, जे शेत सोडू शकले नाहीत ते ख्रिस्ती झाले. भाऊ भावापासून तुटला तो इथे, या धक्क्यावर. त्यांच्या दारात कोणाकडून काय परत मागायचं?

दुसऱ्या फेरीने नार्व्याला. पाण्यावर चार मिनिटं. देव रात्री याच पाण्यावरून गेला. उजवीकडे, लांब, जुवें.

नार्व्याच्या देवळाला वळसा घालून काका सरळ दारावरच्या शिलालेखापाशी गेले. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, शिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा आरंभ. साल १६६८. आपण कार्तिकातच आलोय, याचं आईला फार अप्रूप वाटलं. महाराजांनी देऊळ बांधलं ते नार्व्याला, देव जिथे येऊन राहिला तिथे. नुकतंच जीर्णोद्धार होऊन ११ फेब्रुवारी २०२३ ला ते पुन्हा खुलं झालं. गाभाऱ्यातलं लिंग पैलूदार, धारालिंग. आई त्याच्यासमोर बराच वेळ बसली. उपासाचा थकवाही होता.

परत येताना फेरीच्या धक्क्यावर एक तरुण भेटला, काकांचा जुना विद्यार्थी. त्याने फोनवर एक चलचित्र दाखवलं: भगवे झेंडे, तलवारी, खाली लिहिलेलं 'क्रुसेडला उत्तर'. काकांनी चष्मा काढून पुसला. त्याला शांतपणे म्हणाले, "२००१ मध्ये अमेरिकेतले दोन मनोरे पडले, पाच दिवसांनी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी 'क्रुसेड' हा शब्द उच्चारला. ज्यांच्याविरुद्ध उच्चारला, ते त्याच्या आधीपासूनच 'क्रुसेडर, क्रुसेडर' ओरडत होते. दोघांनाही तो शब्द हवाच होता. आता तुलाही हवा झाला?" मुलगा ओशाळला. "सर, मला नुसतं आलं, पुढे पाठवलं." गुरुजींसमोर पुसूनही टाकलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर. कुंकळ्ळी, आसोळणें, फातर्पें

या दिवसाची मला धास्ती होती, कारण इथे दोन्हीकडची प्रेतं आहेत.

१५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी आपली देवळं पुन्हा पुन्हा बांधली, कर द्यायचं थांबवलं. जुलै १५८३ मध्ये पाच जेजुइट पाद्री चर्चची जागा ठरवायला गावात आले. गावकऱ्यांनी त्यांना ठार केलं, त्यांच्याबरोबरच्या इथल्या ख्रिस्ती माणसांनाही. प्रेतं विहिरीत टाकली. त्या पाचांतला रोदोल्फो आक्वाव्हिवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. फत्तेपूर सिक्रीत तीन वर्षं तो मौलवी-पंडितांशी वाद घालत राहिला, कोणी केसालाही धक्का लावला नाही. पुढे बोलणी करू म्हणून पोर्तुगिजांनी गावाच्या १६ मुखत्यारांना आसोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि निःशस्त्र असताना मारलं. एक तेवढा शौचकुपातून नदीत उडी टाकून कारवारकडे निसटला असं सांगतात. १८९३ मध्ये पोपने त्या पाच पाद्र्यांना धन्य ठरवलं. मुखत्यारांच्या वाट्याला शतकानुशतकं काही आलं नाही. त्यांचं स्मारक अलीकडचं.

आज पाद्र्यांचं कपेल आणि मुखत्यारांचं स्मारक दोन्ही याच गावात आहेत. आम्ही दोन्हीकडे गेलो. स्मारकापाशी एक वयस्क गृहस्थ गवत काढत होते. गळ्यात खुरीस. मला वाटलं नगरपालिकेचे असतील. काकांनी कोंकणीत विचारलं तर म्हणाले, "न्हय, आमच्या वांगडाचो मनीस आसा हांगा." आमच्या कुळाचा माणूस आहे इथे, मारल्या गेलेल्यांत.

वांगड म्हणजे गावकऱ्यांचं मूळ कूळ. कुंकळ्ळीत बारा वांगडं. मुखत्यार मेले, गावाची जमीन एका पोर्तुगीज सरदाराला दिली गेली, गाव बाटलं. पण वांगड बाटत नाही. ते गृहस्थ कॅथलिक, सकाळी मिस्साला जाऊन आलेले, आणि ज्यांनी पाद्री मारले त्यांचे वंशज. मी धीर करून विचारलं, तुम्ही त्या कपेलातही जाता?

"जातां. ते मेले, हेय मेले." मग थोडं थांबून, माझ्यासाठी मराठीत: "दोघांसाठी मेणबत्ती लावतो बाय. कोण चुकला ते देव बघील. आमका दोगांचेंय रगत लागलां."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आई खाली बसली आणि त्यांच्याबरोबर गवत उपटू लागली.

फातर्पें तिथून जवळ. कुंकळ्ळीची शांतादुर्गा हाकलली गेली ती इथे येऊन राहिली, पण नाव घेऊन आली: शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. दर फाल्गुनात, शिमग्याच्या दिवसांत, ती आपल्या गावी परत जाते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या, ढोल-ताशे, आकाशभर गुलाल. सोंत्रयो म्हणतात त्याला. स्मारकापाशी भेटलेले गृहस्थ म्हणाले होते, आपल्या वांगडाची छत्री रस्त्याने निघाली की तेही दारात उभे राहतात, कपाळाला गुलाल लागला तर पुसत नाहीत. आज देवळात गर्दी नव्हती. पुजाऱ्यांनी आईच्या ओंजळीत अबोली दिली. मी देवीकडे बघत होते. चारशे वर्षांहून जास्त काळ ही बाई दरवर्षी माहेरी जाऊन येते आणि गाव तिला वाट देतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. म्हापसा

संध्याकाळी थिवीहून गाडी. सकाळ म्हापशाच्या बाजारात गेली: कोकम, चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, नको म्हणून फक्त बिमलीचं लोणचं, मावशीसाठी पाव. मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, चर्चपाशी फुलवाली बसली होती. आईने दोन गजरे मागितले, तर तिने विचारलं, "देवळाक काय इगर्जेक?" देवळाला की चर्चला? तेच गजरे, तोच दोरा. फक्त बांधून द्यायचं पान वेगळं.

मावशीने आईला सात बहिणींची गोष्ट सांगितली. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई आणि बाकीच्या. त्यांच्यातली मिराबाय म्हापशाला आली आणि मिलाग्रीस झाली. म्हणून सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल येतं, लईराईच्या जत्रेला इकडून फुलं जातात, आणि फेस्ताला हिंदू बायका तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभ्या राहतात. ही गोष्ट कोणी आणि कधी रचली? देवळं पडल्यानंतरच रचली असणार. दोन तुकडे झालेल्या घराने पुन्हा येण्या-जाण्याची वाट काढली, ती बहिणींच्या नावाने.

मावशीने दोन गजरे जास्त घेतले. एक शेजारणीसाठी. "आज देईन," म्हणाली, "आणि ऑक्टोबरचं काय ते मीच विचारीन."

बाजाराच्या तोंडाशी नव्या वर्षाची दिनदर्शिका विकायला आली होती. आईने एक घेतली आणि काकांच्या पुढे धरली. काकांनी चष्मा लावून पानं उलटली. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, २ मे, शुक्रवार. ईस्टर २० एप्रिलला, म्हणजे मिलाग्रीसचं फेस्त ५ मेला, सोमवार. आईने पेन मागून घेतलं, दोन्ही तारखांना गोल केला आणि मधले दोन दिवस बोटाने मोजले.

"सोमवार म्हणजे संध्याकाळी मंगेशीलाही जाता येईल," ती म्हणाली आणि मला जाण्या-येण्याची तिकिटं आत्ताच बघायला सांगितली.